अनिश्चित पाऊस, मर्यादित धरण: इष्टतम नियंत्रणाच्या अटींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इष्टतम नियंत्रण शिकणारे विद्यार्थी, जलसंपदा खात्यात काम करणारे अभियंते आणि पुराचा फटका बसलेल्या गावांतली माणसं, या तिघांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय गणिताचा आहे. पण तो कोयना धरणाच्या आधाराने मांडला की बराच सोपा होतो, म्हणून उदाहरणं तिथलीच आहेत. हिशेबाला घेतलेलं छोटं धरण (प्रश्न ५) मात्र काल्पनिक आहे, आकडे हाताने तपासता यावेत एवढ्यासाठी.

१. इष्टतम नियंत्रण म्हणजे काय? धरणाशी त्याचा काय संबंध?

काळानुसार बदलणारी एखादी गोष्ट असते, तिला अवस्था म्हणतात. ती बदलण्यासाठी आपल्या हातात काहीतरी असतं, ते नियंत्रण. धरणात अवस्था म्हणजे साठा आणि नियंत्रण म्हणजे विसर्ग. हिशेब एका ओळीचा आहे: उद्याचा साठा = आजचा साठा + येवा − विसर्ग − बाष्पीभवन. येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, निसर्गाच्या हातात, विसर्ग आपल्या. वीज, सिंचन, पिण्याचं पाणी आणि पूर या सगळ्यांचा एकत्रित हिशेब हंगामभर सर्वांत चांगला लागेल असा विसर्ग रोज कसा ठरवायचा, हा झाला इष्टतम नियंत्रणाचा प्रश्न.

अवघड काय, ते कोयनेच्या आकड्यांवरून कळतं. एकूण साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. म्हणजे सगळ्या पाणलोटातून ३२ मिलिमीटर पाणी वाहून आलं की साठा एका टीएमसीने वाढतो. कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर या पट्ट्यात दिवसाला ३०० मिलिमीटर पाऊस पडू शकतो. त्यातलं काहीच मुरलं नाही असं धरलं, तर एका दिवसात नऊ टीएमसीहून जास्त येवा, म्हणजे लाखभर क्युसेक (सेकंदाला घनफूट). आदल्या रात्री हा आकडा कुणालाच पक्का माहीत नसतो.

२. यात बंधनं कोणकोणती असतात?

काही बंधनं नियंत्रणावर असतात. पायथा विद्युतगृहातून साधारण २,१०० क्युसेकच पाणी जाऊ शकतं, त्यापेक्षा जास्त सोडायचं तर सांडव्याचे सहा वक्राकार दरवाजे उचलावे लागतात. विसर्ग ऋण असू शकत नाही, हेही बंधनच.

काही अवस्थेवर असतात. साठा पूर्ण संचय पातळीच्या वर जाऊ द्यायचा नाही, मृत साठ्याच्या, म्हणजे बाहेर काढता न येणाऱ्या पाण्याच्या, खाली उतरू द्यायचा नाही. नदीतली पातळीही अवस्थाच आहे. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिसळून पुढे सांगलीला जातं आणि तिथे आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. सोडलेलं पाणी तिथवर पोचायला वेळ लागतो, त्यामुळे वाटेत असलेलं पाणीसुद्धा अवस्थेत मोजावं लागतं. हे विसरलं की मॉडेल कागदावर सुंदर दिसतं आणि नदीत चुकतं.

आणि काही बंधनं वर्षभराच्या बेरजेवर असतात. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत लवादाने, कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. या बंधनाची गंमत प्रश्न १० मध्ये.

३. ‘इष्टतमतेची अट’ म्हणजे उत्तर काढायचं सूत्र का?

नाही. ती उत्तर तपासायची कसोटी आहे. एखादा निर्णय सर्वोत्तम असेल, तर तो थोडासा इकडेतिकडे हलवून फायदा व्हायला नको, एवढंच ती सांगते. बंधन नसेल तर याचा अर्थ ‘उतार शून्य’, म्हणजे निर्णय किंचित हलवला तरी फायदा जवळपास तेवढाच राहतो. बंधन असेल तर उतार शून्य नसेलही, कारण पुढे जायला जागाच नसते. अशा वेळी त्या बंधनाला एक किंमत द्यावी लागते. तिला गुणक म्हणतात. बंधन एका एककाने सैल केलं तर किती फायदा होईल, ते गुणक सांगतो.

विल्यम करुश यांनी १९३९ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या पदव्युत्तर प्रबंधात या अटी लिहिल्या, पण त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. हॅरॉल्ड कून आणि अल्बर्ट टकर यांनी त्या १९५१ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध केल्या. आज तिघांचीही नावं एकत्र घेतात. त्यातली सर्वांत कामाची अट पूरक शिथिलतेची: बंधनाला जागा शिल्लक असेल तर त्याची किंमत शून्य, आणि किंमत शून्य नसेल तर बंधन पूर्ण ताणलेलं असणार.

४. पाण्याची ‘छायाकिंमत’ ही पाणीपट्टीच का?

पाणीपट्टीशी तिचा संबंध नाही. आज धरणात एक टीएमसी पाणी जास्त असतं, तर आजपासून हंगाम संपेपर्यंतचा एकूण हिशेब कितीने सुधारला असता, ती त्या पाण्याची छायाकिंमत. मे महिन्यात ती चढी असते. ऑगस्टमध्ये धरण काठोकाठ असताना आणि पाऊस कोसळत असताना ती शून्याखाली जाते, म्हणजे जास्तीचं पाणी धोक्याचं ठरतं.

नियंत्रणाच्या प्रश्नात ही किंमत रोज बदलते, म्हणून तिला सह-अवस्था म्हणतात. लेव पोंत्र्यागिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात मॉस्कोत महत्तम तत्त्व मांडलं, त्याचा गाभा हाच आहे. सह-अवस्था माहीत असेल तर हंगामभराचा अवाढव्य प्रश्न रोजच्या छोट्या प्रश्नांत फुटतो: आज पाणी सोडून मिळणारा फायदा आणि धरणात राखलेल्या पाण्याची किंमत, यांची तुलना करा आणि आजचा निर्णय घ्या. पोंत्र्यागिन चौदाव्या वर्षी अपघातात दृष्टी गमावलेले गणिती होते. हे सगळं काम त्यांनी त्यानंतर केलं.

खुद्द धरणांच्या बाबतीत ही कल्पना आणखी आधी आली. फ्रान्सच्या वीज क्षेत्रातले अभियंते आणि अर्थतज्ज्ञ पिएर मासे यांनी १९४६ मध्येच दाखवलं होतं, की आज वापरलेल्या शेवटच्या थेंबाचा फायदा आणि राखलेल्या थेंबाचा भविष्यातला अपेक्षित फायदा सारखा झाला की थांबायचं. अनिश्चिततेतली इष्टतमतेची अट एका वाक्यात हवी असेल तर ती हीच.

५. पाऊस किती पडेल माहीत नाही, मग सरासरी येवा धरून नियोजन केलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं, आणि ते आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही. एक काल्पनिक धरण घेऊ. क्षमता १०० टीएमसी, आज साठा ८०. पुढच्या पंधरवड्यात येवा १० टीएमसी येण्याची शक्यता ५० टक्के, ३० येण्याची ३० टक्के आणि ५० येण्याची २० टक्के. आज ठरवायचं आहे, की पंधरवड्यात एकूण किती पाणी आधीच सोडून जागा करायची. ० ते ३० टीएमसी यांपैकी काहीही. पंधरवड्याच्या शेवटी धरण जितके टीएमसी रिकामं राहील तितकी एककं नुकसान, आणि क्षमतेपेक्षा जास्त झालेलं जे पाणी नाइलाजाने एकदम सोडावं लागेल, त्याचं टीएमसीमागे ३ एककं नुकसान.

सरासरी येवा २४ टीएमसी येतो. जागा २० आहे, म्हणून सरासरीवाला ४ टीएमसी सोडतो. त्याचं अपेक्षित नुकसान काढा: येवा १० आला तर धरण १४ ने रिकामं, ३० आला तर ६ टीएमसीचा पूर, ५० आला तर २६ टीएमसीचा. ०.५ × १४ + ०.३ × १८ + ०.२ × ७८ = २८.

आता १० टीएमसी सोडून ३० ची जागा केली तर? ०.५ × २० + ०.३ × ० + ०.२ × ६० = २२. काहीच सोडलं नाही तर ३२. पूर्ण ३० सोडले तर २६. सर्वोत्तम उत्तर १० टीएमसी आहे, सरासरीने सुचवलेले ४ नाही. (१० टीएमसी म्हणजे पंधरा दिवस सलग सुमारे ७,७०० क्युसेक. एक टीएमसी दिवसभरात सोडायचा तर ११,५७४ क्युसेक लागतात, हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.)

कारण असं, की दोन्ही बाजूंची चूक सारखी महाग नाही. क्षमतेचं बंधन मध्ये असल्यामुळे नुकसानीच्या आलेखाला तिथे कोपरा येतो. सरळ रेषेवर सरासरी चालते, कोपऱ्यावर चालत नाही. बंधन नसेल, समीकरण रेषीय असेल आणि नुकसान चुकीच्या वर्गाच्या (चूक × चूक) प्रमाणात असेल, तर सरासरी धरूनही अगदी बरोबर निर्णय येतो. हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्ये हे दाखवलं होतं. धरणात बंधन आलं की ही सवलत संपते.

६. या उदाहरणात इष्टतमतेची अट नेमकी कशी दिसते?

जागा आणखी एका टीएमसीने वाढवली तर काय होतं, ते प्रत्येक शक्यतेत वेगवेगळं पाहा. ५० टीएमसीचा येवा असेल तर ३ एककांचा फायदा. १० चा असेल तर १ एककाचा तोटा. ३० चा असेल तर आपण बरोबर कोपऱ्यावर उभे आहोत, त्यामुळे तिथे उतार −१ आणि +३ यांच्यामधला कोणताही घेता येतो.

अट म्हणते, की शक्यतेने गुणलेली बेरीज शून्य करता आली पाहिजे. ०.२ × ३ = ०.६. ०.५ × (−१) = −०.५. उरलेल्या शक्यतेकडून −०.१ हवे, म्हणजे तिथला उतार −⅓ घ्यायचा. तो −१ आणि ३ यांच्यामध्ये बसतो. अट पूर्ण झाली.

यात एक खोल गोष्ट आहे. एकेकट्या शक्यतेत अट पूर्ण होत नाही. ५० टीएमसीवाला म्हणतो, आणखी सोडा. १० वाला म्हणतो, सोडूच नका. अट फक्त सरासरीत पूर्ण होते, कारण निर्णय सगळ्या शक्यतांसाठी एकच घ्यावा लागतो. भविष्य डोकावून न पाहण्याची ही अटसुद्धा गणितात बंधन म्हणूनच लिहितात, आणि तिलाही गुणक असतात. इथे ते गुणक ३, −⅓ आणि −१ आहेत. प्रत्येक शक्यतेत ‘आधी कळलं असतं तर निर्णय कोणत्या बाजूला आणि किती जोराने हलवला असता’ ते हे आकडे सांगतात. म्हणून त्यांना माहितीची किंमत म्हणतात.

७. महापुरानंतर सगळे म्हणतात, पाणी आधीच सोडायला हवं होतं. गणित काय म्हणतं?

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर सांगली-कोल्हापुरात हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना तो विचारायचा पूर्ण हक्क आहे. गणित एवढंच सांगतं, की यात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात आणि ते सुटे करायला हवेत.

पहिला: जे घडलं ते माहीत असतं तर काय केलं असतं? प्रश्न ५ मधल्या धरणात येवा आधी कळला असता, तर अपेक्षित नुकसान २२ वरून ५ वर आलं असतं. म्हणजे अचूक अंदाजाची किंमत १७ एककं. हे नुकसान दरवाजे चालवणाऱ्याच्या चुकीचं नाही, अज्ञानाचं आहे. ते कमी करायचं तर पर्जन्यमापक, रडार आणि येव्याचे अंदाज सुधारावे लागतात.

दुसरा: त्या दिवशी हाताशी असलेल्या माहितीवर निर्णय बरोबर होता का? सरासरी धरून ४ टीएमसी सोडणाऱ्याने २८ चं नुकसान ओढवलं, २२ मध्ये भागलं असतं. ही ६ एककं मात्र टाळता येण्यासारखी होती, आणि जाब विचारायचा तो इथे. चौकशी करताना पूर आला की नाही यावरून निर्णय जोखणं चूक आहे. १० टीएमसी सोडणाऱ्याच्याही नशिबी पाचात एकदा पूर आहेच. त्या दिवसाचे अंदाज, त्यातल्या शक्यता आणि कारणं लिहून ठेवलेली असतील, तरच हे दोन हिशेब वेगळे करता येतात. तशी नोंद रोजच्या रोज ठेवली जावी आणि लोकांना पाहता यावी, असं मला मनापासून वाटतं.

८. नदीत तेवढं पाणी मावतच नसेल तर?

मग बंधन ताणलेलं असेल आणि त्याची किंमत दिसू लागेल. समजा, खालच्या गावांमुळे त्या पंधरवड्यात ६ टीएमसीच सोडता येतात. मग जागा २६ ची होते आणि अपेक्षित नुकसान २६. उतार शून्य नाही: आणखी एका टीएमसीचा फायदा ०.५ × ३ = १.५, तोटा ०.५ × १ = ०.५, म्हणजे निव्वळ १. हा १ म्हणजे नदीच्या बंधनाचा गुणक. मर्यादा ७ केली तर नुकसान खरोखर २५ वर येतं, करून पाहा. मर्यादा १० च्या पुढे नेली की गुणक शून्य होतो, कारण त्यापुढच्या वहनक्षमतेचा उपयोगच नाही.

नदीपात्रातली अतिक्रमणं काढावीत की पूर्वसूचना यंत्रणेवर खर्च करावा, असा वाद होतो तेव्हा हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवावेत: बंधनाचा गुणक आणि माहितीची किंमत (प्रश्न ६, ७).

९. धरण काठोकाठ भरतं त्या क्षणी किंमत अचानक का कोसळते?

सह-अवस्था साधारणपणे सलग बदलते. पण अवस्थेवरचं बंधन गाठलं की तिच्यात उडी येऊ शकते. भरायला थोडी जागा उरली आहे तोवर थेंब राखण्याला अर्थ असतो. जागा संपली की येणारा प्रत्येक थेंब बाहेर जाणारच असतो, मग राखण्याची किंमत उरत नाही. गणितात असं लिहितात: आजची किंमत म्हणजे उद्याच्या किमतीची अपेक्षित सरासरी, त्यातून भरलेपणाच्या बंधनाचा गुणक वजा आणि रिकामेपणाच्या बंधनाचा गुणक अधिक. सलग काळात हे गुणक एका क्षणावर एकवटू शकतात, म्हणून उडी.

व्यवहारात याचा अर्थ असा, की धरण ९५ टक्के भरेपर्यंत थांबून मग निर्णय घेणारी पद्धत, किंमत कोसळायच्या क्षणाची वाट बघत बसते. अपेक्षित सरासरीमुळे किंमत त्याच्या बरीच आधी उतरू लागलेली असते. महिनावार साठा किती असावा हे सांगणारी जलाशय परिचलन सूची म्हणजे याच उतरत्या किमतीचं सोपं केलेलं रूप आहे. फक्त ती त्या वर्षीच्या अंदाजाप्रमाणे हलली पाहिजे.

१०. वर्षाच्या कोट्याचं काय? तो हळूहळू वापरायचा की लवकर?

६७.५ टीएमसीचा पश्चिमेचा कोटा ही स्वतंत्र अवस्था माना: १ जूनला भरलेली, वर्षभर फक्त कमी होणारी. तिच्यात पाऊस पडत नाही आणि बाष्पीभवनही होत नाही. त्यामुळे तिची अट फार सुंदर निघते: कोट्याच्या एका टीएमसीची आजची किंमत ही उद्याच्या किमतीच्या अपेक्षित सरासरीइतकी असते. पाऊस निश्चित असता तर ही किंमत वर्षभर एकच राहिली असती. अनिश्चिततेत ती वरखाली होते, पण कोणत्या दिशेने जाईल हे आधी सांगता येत नाही.

यावरून नियम निघतो. विजेचा फायदा या किमतीपेक्षा जास्त असेल त्या तासांना पाणी पश्चिमेला वळवा, कमी असेल तेव्हा थांबा. समान हप्त्यांत वाटणं हा इष्टतम मार्ग नाही. कमाल मागणीच्या तासांत कोयनेची वीज मोलाची ठरते ती याचमुळे.

११. बेलमनची पद्धत आणि पोंत्र्यागिनची पद्धत, यांतली कोणती वापरायची?

रिचर्ड बेलमन प्रत्येक साठ्यासाठी ‘इथून पुढे सर्वोत्तम किती’ याचा तक्ता शेवटच्या दिवसाकडून मागे भरत आणतात. उत्तर धोरण म्हणून मिळतं: साठा इतका असेल तर इतकं सोडा. अनिश्चिततेत हेच हवं, कारण उद्या साठा किती असेल हे आज माहीत नसतं. या तक्त्याचा उतार म्हणजे प्रश्न ४ मधली छायाकिंमत, त्यामुळे दोन पद्धतींत भांडण नाही.

अडचण आकाराची आहे. एका धरणाला साठ्याच्या १०० पायऱ्या घेतल्या, तर कोयना, वारणा, राधानगरी, धोम आणि कण्हेर या पाच धरणांना १०० चा पाचवा घात, म्हणजे एक हजार कोटी रकाने. इथे सह-अवस्थेच्या मार्गाने जावं लागतं. मारिओ परेरा आणि लिओंतिना पिंटो यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत ब्राझीलच्या जलविद्युत यंत्रणेतून आली. ती पूर्ण तक्ता भरत नाही. जिथे साठा प्रत्यक्षात जाण्याची शक्यता आहे तिथल्याच छायाकिमती काढते आणि त्यांच्या स्पर्शरेषांनी भविष्यातल्या खर्चाचा आलेख खालून बांधत नेते.

सलग काळातल्या यादृच्छिक (अनिश्चितता असलेल्या) प्रश्नांसाठी जाँ-मिशेल बिस्म्यू यांनी १९७३ मध्ये महत्तम तत्त्व मांडलं. नियंत्रणाचा परिणाम खुद्द अनिश्चिततेवर होत असेल आणि नियंत्रणाचे पर्याय तुटक असतील, तर एक सह-अवस्था पुरत नाही, दुसरी लागते, हे पेंग शिगे यांनी १९९० मध्ये दाखवलं.

१२. ‘९० टक्के खात्रीने पूर येणार नाही’ असं बंधन घातलं तर प्रश्न सुटतो का?

अशा बंधनांची सुरुवात चार्न्स आणि कूपर यांनी १९५९ मध्ये केली. लोकांना समजावायला ती सोपी आहेत. पण तीन अडचणी आहेत.

प्रश्न ५ च्या धरणात पुराची शक्यता १० टक्क्यांच्या आत हवी म्हटलं, तर ५० ची जागा लागते, ३० टीएमसी सोडावे लागतात आणि अपेक्षित नुकसान २६ होतं. खात्रीची किंमत ४ एककं. २० टक्के चालत असतील तर उत्तर पुन्हा १०. मधल्या १२, १५, १८ टक्क्यांना उत्तर हलतच नाही आणि २० ला एकदम उडी मारतं. अशा ठिकाणी गुणकाला अर्थ राहत नाही. येव्याचं वितरण सलग आणि चांगल्या आकाराचं असेल तर बंधन सुबक होतं. हंगेरीचे आंद्राश प्रेकोपा यांनी १९७०च्या दशकात याचा पाया घातला.

दुसरी अडचण जास्त गंभीर. हे बंधन पूर येतो की नाही एवढंच मोजतं, किती येतो ते नाही. अर्धा टीएमसीचा पूर आणि वीस टीएमसीचा पूर त्याला सारखेच. सांगलीतल्या माणसाला ते सारखे नाहीत. म्हणून सर्वांत वाईट काही टक्के शक्यतांतल्या नुकसानीची सरासरी मोजणं मला जास्त योग्य वाटतं. रॉकाफेलर आणि उर्यासेव यांनी २००० मध्ये ती साध्या रेषीय प्रश्नात कशी बसवायची ते दाखवलं.

तिसरी: जूनमध्ये केलेली ‘९० टक्के’ची योजना ऑगस्टमध्ये पुन्हा सोडवली, तर वेगळी निघते. नव्या माहितीमुळे फरक पडणं स्वाभाविक आहे, पण इथे निकषच स्वतःशी विसंगत होतो. वाईट शक्यतांची सरासरीसुद्धा हंगामाच्या टोकाला एकदाच मोजली तर याच खड्ड्यात पडते. टप्प्याटप्प्याने, आतून बाहेर मोजली तर वाचते.

१३. शक्यताच माहीत नसतील तर? हवामान बदलतंय, जुन्या नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा?

शक्यता सोडून द्या आणि सर्वांत वाईट नुकसान कमीत कमी करा, हा एक मार्ग. त्याच धरणात ४० ची जागा केली, म्हणजे २० टीएमसी सोडले, तर येवा १० असो वा ५०, नुकसान ३०च. याहून कमी हमी मिळत नाही.

इष्टतमतेची अट इथेही आहे, फक्त शक्यता आता प्रश्नातूनच जन्माला येतात. १० च्या येव्याला ¾ आणि ५० ला ¼ वजन दिलं की ¼ × ३ = ¾ × १ आणि बेरीज शून्य. ही वजनं म्हणजे निसर्गाने आपलं जास्तीत जास्त वाईट करायचं ठरवलं तर निवडलेल्या शक्यता. ती डोळ्यांना अगदीच अशक्य वाटत असतील, तर आपण फाजील घाबरलो आहोत असं समजावं आणि शक्यतांना एखाद्या पट्ट्यात बांधावं. जुन्या नोंदींच्या आसपासच्या सर्व वितरणांतलं सर्वांत वाईट घेणं, हा आज मध्यम मार्ग मानला जातो.

१४. गुणक सापडतच नाही, असं होतं का?

होतं. बंधनं इतकी घट्ट असतील की हलायला जराही जागा नाही, तर उत्तर असतं पण गुणक नसतो. सगळी बंधनं काटेकोर पाळून थोडी मोकळीक राहील असा एक तरी निर्णय अस्तित्वात असावा, ही स्लेटरची अट त्यासाठी तपासतात.

अनिश्चिततेत आणखी एक सापळा आहे. आजचा निर्णय आज चालतो, पण उद्या एखाद्या शक्यतेत बंधन पाळायला मार्गच उरत नाही, असं असेल तर उद्याचं बंधन मागे सरकून आजच्या निर्णयावर छुपं बंधन होतं. रॉकाफेलर आणि वेट्स यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की अशा वेळी नेहमीचे गुणक पुरत नाहीत, त्यांना एक विचित्र भाग जोडावा लागतो. प्रश्न ५ मध्ये ‘क्षमतेपेक्षा जास्त पाणी अजिबात नको’ असं न म्हणता त्याला ३ एककांचं नुकसान लावलं, ते याचसाठी. प्रत्येक शक्यतेत काहीतरी करायला वाट ठेवली की सिद्धांत सरळ चालतो.

१५. अटी पूर्ण झाल्या म्हणजे उत्तर सर्वोत्तम, असं समजायचं का?

प्रश्न बहिर्वक्र असेल, म्हणजे नुकसानीचा आलेख वाटीसारखा असेल, तर हो. नसेल तर त्या फक्त आवश्यक अटी आहेत. धरणात हे बिघडतं ते विजेमुळे. वीज प्रवाह आणि उंची यांच्या गुणाकारावर ठरते, आणि उंची साठ्यावर. गुणाकार आला की बहिर्वक्रता गेली, आणि अटी पाळणारी अनेक उत्तरं निघू शकतात. कोयनेचं पाणी पश्चिमेला पोफळीकडे पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली पडतं, त्यामानाने जलाशयाच्या पातळीतला चढउतार लहान, म्हणून ही चूक तिथे कमी बोचते. पायथ्याच्या विद्युतगृहात ती दुर्लक्षून चालणार नाही.

१६. तुमच्या उदाहरणात पुराचं नुकसान ३ ऐवजी ४ घेतलं तर उत्तरच पक्कं येत नाही. माझं काय चुकतंय?

काही नाही. ४ घेतल्यावर ३० ची जागा ठेवा, ४० ची ठेवा की ५० ची, अपेक्षित नुकसान २६च येतं. आणखी एका टीएमसी जागेचा फायदा ०.२ × ४ = ०.८ आणि तोटा ०.८ × १ = ०.८, दोन्ही बाजू तंतोतंत जुळतात, म्हणून ३० ते ५० मधला आलेख सपाट होतो. इष्टतमतेची अट सगळ्यांनाच मान्य आहे.

अशा वेळी निवड दुसऱ्या निकषावर करावी लागते. ३० ची जागा ठेवली तर येव्यानुसार नुकसान २०, ० किंवा ८० होतं. ५० ची ठेवली तर ४०, २० किंवा ०. पंधरवड्याच्या मध्यावर नवा अंदाज येणार असेल आणि तेव्हाही नदीत पाणी सोडायला जागा असेल, तर आत्ता १० टीएमसीवर थांबावं, कारण सोडलेलं पाणी परत आणता येत नाही. खाली कृष्णा आधीच फुगलेली असेल आणि नंतर सोडायची सोय उरणार नसेल, तर ८० चा धोका पत्करण्यापेक्षा आत्ताच ३० सोडावेत.